खडूचं चित्र, प्लॅस्टिकची काच

थोरला कुणाच्याही घरी गेला की आधी भिंतीवरची फ्रेम उतरवायचा. पाणी नंतर, ख्यालीखुशाली नंतर. यजमान ‘बसा’ म्हणेपर्यंत हा खुर्चीवर चढलेला असायचा. फ्रेम उतरवायची, उलटी फिरवायची आणि तिची पाठ वाचायची. समोरून काय, कुणीही बघतं. फ्रेमवाल्याची अक्कल किंवा अकलेचा दुष्काळ, दोन्ही पाठीमागेच दिसतं, असं त्याचं म्हणणं. आणि दहापैकी नऊ वेळा दुष्काळच निघायचा.

मेहुणीच्या नव्या घरी त्याने पंधरा माणसांसमोर तिच्या सासऱ्यांच्या वडिलांचा फोटो उतरवला होता.

“ही तपकिरी टेप कुणी मारली?”

“दुकानदारानेच मारली असेल हो,” मेहुणीचे सासरे म्हणाले.

“खोकी बांधायची टेप आहे ही. तुमचे वडील काय पार्सल आहेत?”

बायकोने मागून शर्ट ओढला, पण थोरला सुरू झाला की शर्ट फाटला तरी थांबायचा नाही. टेपचा गोंद दहा वर्षांत कागदात उतरतो, तिथे डाग पडतो, तो डाग देवाला निघत नाही. मागचा पुठ्ठा असा स्वस्तातला, भुरकट, की त्यातलं अ‍ॅसिड फोटोला हळूहळू भाजतं. कडेने पिवळं झालंय ना, ते जुनेपण नाही, ती भाजल्याची खूण आहे. आणि फोटो काचेला चिकटून बसवलाय. ओल धरली की काचेला चिकटेल, आणि मग ओढाल तेव्हा तुमच्या वडिलांचं नाक काचेवर राहील. एवढं बोलून त्याने फ्रेम सासऱ्यांच्या मांडीवर ठेवली आणि मग चहा मागितला.

त्या घरी त्याला पुन्हा कुणी बोलावलं नाही. त्यालाही त्याचं काही वाटलं नाही. टेपवाल्यांकडे जायचं कशाला?

चौतीस वर्षं थोरला एकाच दुकानात, एकाच टेबलाशी उभा राहिला. शाळा सातवीपर्यंत, तीही गणिताच्या मास्तरांनी हात टेकले म्हणून तिथेच थांबलेली. पण पंचेचाळीस अंश म्हणजे काय हे त्या मास्तरांना वहीत माहीत होतं, थोरल्याला मनगटात. पट्टीचा तिरका काप असा मारायचा की दोन पट्ट्या जोडल्यावर कोपऱ्यात नख जाऊ नये. नख सोडा, नजरही अडकू नये. करवतीने कापलं की लगेच जोडणारे गाढव असतात. कापलेल्या तोंडावरून आधी रंध्याचा एक हलका हात फिरवायचा. सरसही दोनदा लावायचा. लाकडाचं कापलेलं तोंड सरस पितं. पहिला हात त्याला पिऊ द्यायचा, दुसरा हात जोडायला. मग पट्ट्याने आवळून दुसऱ्या दिवसापर्यंत त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. थोरल्याची फ्रेम कोपऱ्यात उघडली असं गावात एकही माणूस सांगू शकत नव्हता. कुणी विचारलं नाही तरी थोरला स्वतःहून हे सांगायचा.

गिऱ्हाइकांवर त्याचा राग नव्हता. रागावण्याइतकी किंमत तो त्यांना देत नव्हता. चित्र फ्रेममध्ये बसत नाही म्हणून “कडेने जरा कापा ना” म्हणणाऱ्याला तो म्हणायचा, “उद्या बूट घट्ट झाला तर अंगठा आणा, तोही कापून देतो.” सोनेरी नक्षीची पट्टी हवी म्हणणाऱ्याला विचारायचा, “चित्राला लावू की तुमच्या गळ्यात घालू?” माणसं चिडायची, जायची, आणि सहा महिन्यांनी दुसरीकडे बिघडलेलं काम घेऊन परत यायची. तो दिवस थोरल्याच्या सणाचा. बिघडलेलं काम उघडताना तो शीळ वाजवायचा.

या दुकानात त्याचा धाकटा भाऊ नऊ वर्षं त्याच्या हाताखाली राबला. धाकट्याचा हात वाईट नव्हता. पण तो सारखं विचारायचा, “दादा, असं का?” खळ मैद्याचीच का? कागदाच्या दोन पट्ट्या लावून चित्र फक्त वरच्या कडेनेच का लटकवायचं, खालची कडा मोकळी का? थोरल्याचं उत्तर ठरलेलं: “मी सांगतो म्हणून.” त्याला स्वतःला हे सगळं माहीत होतं. कागद हवेप्रमाणे फुगतो, आक्रसतो; चारी बाजूंनी जखडला की त्याला पोट येतं. पण हे तो सांगायचा नाही. ज्याने त्याला शिकवलं त्या म्हाताऱ्यानेही सांगितलं नव्हतं; चार थपडा देऊन नुसतं करून घेतलं होतं. थोरल्याला वाटायचं, कारण सांगितलं की कामाची किंमत जाते.

मग एक दिवस गिऱ्हाईक समोर असताना धाकट्याने जोडलेली फ्रेम थोरल्याने उजेडासमोर धरली.

“कोपऱ्यातून आरपार दिसतंय. तुझ्या कानातून बघितलं तरी असंच दिसेल.” आणि टेबलाच्या कडेवर आपटून त्याने फ्रेमचे चार तुकडे केले.

धाकट्याने एप्रन काढला, घडी घालून स्टुलावर ठेवला आणि गेला. तीन महिन्यांनी रस्त्याच्या पलीकडे, बरोब्बर समोर, त्याचं दुकान उघडलं. दर्शनी भागाला सगळी काच, आत पांढरे दिवे, भिंतभर तयार पट्ट्या, कोपरे ठोकायचं पायाने चालणारं मशीन, आणि बाहेर पाटी: ‘एका तासात फ्रेम’.

“एका तासात भजी होतात,” थोरला म्हणाला. “फ्रेम होत नाही.”

याला अकरा वर्षं झाली. अकरा वर्षांत थोरल्याने तो रस्ता ओलांडला नाही. म्हणजे पोस्टात जायला, दाढी करायला ओलांडायचा, पण चौकापर्यंत चालत जाऊन, वळसा घेऊन. त्याची बायको मात्र सरळ जायची-यायची. धाकट्याच्या बायकोशी तिचं छान जमायचं. दोन्ही घरांतल्या बातम्या तिच्या पिशवीतून यायच्या, आणि थोरला त्या ऐकत नसल्यासारखं करून पूर्ण ऐकायचा.

नर्सबाई थोरल्याच्या दुकानात आल्या त्या हिवाळ्यातल्या एका कोरड्या सकाळी. सरकारी दवाखान्यातून निवृत्त होऊन त्यांना वीस वर्षं झाली असतील. पण चाल अजून वॉर्डातली, आणि बोलणंही. उजव्या पायाला पट्टी बांधलेली. त्यांनी चादरीत गुंडाळलेली फ्रेम टेबलावर ठेवली आणि चादर सोडली.

रंगीत खडूंनी काढलेला एका मुलीचा चेहरा होता तो. सतरा-अठरा वर्षांची, मान जराशी वळवलेली, काही तरी बोलता बोलता थांबल्यासारखी. चित्रावरची काच फुटलेली, दोनच तुकडे कडेला लटकत होते. पण खडूला धक्का लागला नव्हता.

“ह्यांनी काढलं,” नर्सबाई म्हणाल्या. “तिकीट खिडकीवर नोकरी, चित्रं अशी काढायचे नाहीत कधी. हे एकच जमलं. मुलगी त्याच वर्षी तापाने गेली. फोटो आहेत दोन-तीन, पण त्यांत ती नाही. इथे आहे.”

थोरला वाकून बघत होता. अशा वेळी तो माणसांचं ऐकायचा नाही, कागदाचं ऐकायचा. खडू नुसता कागदावर बसलेला असतो, चिकटलेला नसतो, पिठासारखा. जोरात शिंकलं तरी उडेल. आणि या तिकीटवाल्याने गालावर खडूचे सात-आठ थर हलक्या हाताने चढवले होते. थोरल्याला चित्र आवडलं, आणि एखादी गोष्ट आवडली की तो जास्तच फटकळ व्हायचा.

“काच बसवू. आठ दिवस लागतील.”

“काच नको. ही पडली आणि तुकडा पायात गेला, चार टाके पडले. मी एकटी असते घरी, डोळ्यांनी कमी दिसतं. न फुटणारं बसवा. ते प्लॅस्टिकचं असतं ना, काचेसारखं दिसणारं?”

“ते मी वापरत नाही.”

“समोरच्या दुकानात मिळतं म्हणाले.”

इथे काम बिघडलं. तोपर्यंत थोरल्याच्या मनात सगळं जुळलेलं होतं. दोन काचांमध्ये पातळ पापुद्रा घालून चिकटवलेली जोडकाच मिळते. ती फुटली तरी तुकडे जागचे हलत नाहीत, पापुद्र्याला धरून राहतात. जड असते, मोठ्या काचवाल्याकडून मागवावी लागते, जाड पट्टी लागते, पण या चित्राला तीच योग्य. आणि प्लॅस्टिक का नको, तर त्या पत्र्याला विजेची ओढ असते. फुग्याला केस चिकटतात ना, तशी. कोरड्या हवेत ती ओढ दुप्पट. खडूची भुकटी कागदावरून उचलून तो स्वतःला चिकटवून घेतो. हे सगळं थोरल्याच्या जिभेवर होतं, आणि नर्सबाईंनी ‘समोरच्या दुकानात’ म्हटलं.

“मग जा समोर,” थोरला म्हणाला. “तिथे एका तासात देतात. वडे तळल्यासारखे.”

“मी साधं विचारलं तुम्हाला. प्लॅस्टिक का नको?”

“बाई, इंजेक्शन कुठे टोचायचं हे मी तुम्हाला विचारायला येतो का? ज्याचं काम त्याने करावं. ज्याला कळत नाही त्याने दुकानं फिरावीत.”

नर्सबाईंनी त्याच्याकडे क्षणभर बघितलं. वॉर्डात उलटून बोलणाऱ्या नातेवाइकांकडे बघत असतील तसं. मग चादर गुंडाळली, फ्रेम छातीशी धरली आणि लंगडत रस्ता ओलांडला.

थोरला खिडकीशी उभा राहिला. पलीकडे काचेच्या दुकानात सगळं दिव्याखाली ठेवल्यासारखं दिसत होतं. धाकट्याने बाईंना खुर्ची दिली. पाणी दिलं. चित्र बघितलं, मान हलवली, हसून काही बोलला. मग पातळ पत्रा काढला, कापला, त्यावरचा कागद सोलला, आणि पत्रा चकाकावा म्हणून कोरड्या फडक्याने घासायला लागला. घासतोय, घासतोय. एका बाजूने, दुसऱ्या बाजूने.

“घास,” थोरला खिडकीतून पुटपुटला. “आणखी घास. चांगली वीज भर त्यात. गाढव.”

बायको डबा घेऊन आली होती. “काय झालं?”

“ज्याला फडकं कधी धरायचं कळत नाही तो फ्रेमा करतोय. दोन महिन्यांत त्या मुलीचा चेहरा पत्र्यावर जाईल.”

“कोणत्या मुलीचा?”

त्याने सांगितलं. बायकोने डबा खाली ठेवला. “मग जा की. सांगा त्याला. अजून बसवलं नाहीये.”

“मी? त्याच्या पायरीवर?”

“मी जाऊन सांगते.”

“खबरदार. नऊ वर्षं माझ्याकडे होता. एवढंही कळलं नसेल तर भोगू दे.”

“भोगणार कोण? तो की ती बाई?”

थोरल्याने डबा उघडला आणि जेवायला बसला. बायको दारात उभी राहून दोन्हीकडे बघत राहिली. तिने अकरा वर्षांत दोघांच्या कामात कधी तोंड घातलं नव्हतं. त्या दिवशीही घातलं नाही. हे नंतर तिला फार लागलं. थोरल्याला तेव्हा काही लागलं नाही. फक्त जेवण गेलं नाही, आणि ते भाजीवर ढकललं.

हिवाळा पुढे आणखी कोरडा होत गेला. थोरला रोज सकाळी दुकान उघडताना पलीकडे बघायचा. बाई येणार हे त्याला माहीत होतं. एरवी असं बिघडलेलं काम येणार म्हटलं की त्याला शीळ सुचायची. या खेपेला सुचत नव्हती. दिवसभर फ्रेमा जोडता जोडता तो गालावरचे ते सात-आठ थर मोजायचा. पहिला उडाला असेल. आता दुसरा.

साडेसात आठवड्यांनी नर्सबाई आल्या. पायाची पट्टी सुटली होती. फ्रेम तशीच छातीशी. त्या सरळ धाकट्याकडे गेल्या. थोरल्याने हातातली पट्टी खाली ठेवली. काचेतून दिसत होतं: बाई बोटाने पत्र्याकडे दाखवतायत, धाकटा वाकून बघतोय, डोकं खाजवतोय. मग धाकट्याने फ्रेम उचलली. मागचे खिळे काढायला ती टेबलावर पालथी घालण्यासाठी दोन्ही हातांनी फिरवायला लागला.

खडूचं चित्र पालथं घातलं की सैल झालेलं सगळं खाली पडतं. राहिलेला चेहराही पत्र्यावर.

थोरला धावला. चौकापर्यंत नाही, सरळ. एक सायकलवाला त्याला शिव्या देत बाजूला झाला. पायरी चढताना पाय अडखळला, पण दार त्याने असं उघडलं की भिंतीवरच्या दोन फ्रेमा हलल्या.

“पालथी घालू नको! पालथी घालू नको, नालायका!”

धाकट्याच्या हातात फ्रेम तिरकी थांबली. अकरा वर्षांत भावाच्या तोंडून आलेले हे पहिले शब्द. धाकटा पन्नाशीचा झाला होता, कानावरचे केस पिकले होते, पण त्या आवाजाने तो जागच्या जागी थिजला.

“दादा?”

“उभी धर. उभी! देवळातल्या घंटेसारखी हलवू नको. टेबलावर टेकव, खालच्या कडेवर. अशी. आता सोडू नको.”

थोरला वाकला आणि चित्राकडे बघितलं. मुलगी होती, पण धुक्यातून बघितल्यासारखी. डावा गाल सपाट झाला होता. ओठांची कड गेली होती. पत्र्याच्या आतल्या बाजूला पिठाचा पातळ थर, गुलाबी-तपकिरी.

“हे काय झालंय?” नर्सबाईंनी विचारलं. त्या कुणाला विचारतायत ते कळत नव्हतं.

“नंतर,” थोरला म्हणाला. “बादली आण. टॉवेल भिजव, पीळ, खोलीत चारी बाजूंना टांग. हवा ओली होऊ दे. पंखा बंद कर. आणि हे पांढरे दिवे, डोळ्यांत खुपतायत, अर्धे विझव.”

“दिव्यांचा काय संबंध?” धाकटा म्हणाला.

“काही नाही. मला आवडत नाहीत.”

अर्धा तास तिघं ओल्या टॉवेलांमध्ये बसले. फ्रेम धाकट्याने उभीच धरली होती. थोरल्याने त्याला हातही बदलू दिला नाही. मग थोरल्याने एक ओलं, घट्ट पिळलेलं फडकं पत्र्यावर बाहेरून हळूच टेकवत फिरवलं. घासलं नाही, फक्त टेकवलं आणि उचललं. पत्र्याची ओढ तेवढी कमी होते. मग धाकट्याने फ्रेम धरायची आणि थोरल्याने मागचे खिळे एकेक करून उपटायचे, फ्रेम उभी असतानाच. हे काम एका माणसाचं नाही, चार हात लागतात. चौदा खिळे होते.

“चौदा,” थोरला म्हणाला. “चित्राला पळून जायची भीती होती का? आठ पुरतात.”

“तुझ्याकडे चौदाच मारायचो. तूच म्हणायचास चौदा.”

चौदाच म्हणायचा थोरला. पण त्या मोठ्या फ्रेमा होत्या. किती मोठ्या, ते त्याने कधी सांगितलं नव्हतं.

पत्रा, चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट म्हणजे माउंट, चित्र आणि मागचा पुठ्ठा, सगळं एकत्र धरून त्यांनी फ्रेममधून काढलं आणि टेबलावर चेहरा वर ठेवून आडवं केलं.

“आता पत्रा सरळ वर उचलायचा. सरकला की पुसलं गेलं. तू ते दोन कोपरे, मी हे दोन. एक, दोन...”

पत्रा वर आला. दोघांनी तो उजेडात धरला आणि त्यावर मुलगी होती. डावीकडची उजवीकडे झालेली, फिकट, डोळे जवळजवळ नाहीत, पण डावा गाल सगळाच तिथे. खाली कागदावर तिचं उरलेलं.

नर्सबाई उठल्या. एकदा पत्र्याकडे, एकदा कागदाकडे बघितलं. चेहऱ्यावर काही आलं नाही. चाळीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईच्या चेहऱ्यावर पटकन काही येत नाही.

“हे परत कागदावर जाईल?”

“नाही,” थोरला म्हणाला.

“मी खडूने भरून देतो,” धाकटा घाईने म्हणाला. “माझ्याकडे रंग आहेत. गाल थोडासा...”

“हात लावलास तर मोडीन!” थोरला गरजला. “तिच्या बापाने काढलंय ते. जे राहिलंय ते बापाचं आहे. तू भरलंस तर ती तुझी होईल.”

धाकट्याचा हात मागे गेला. तो पत्र्याकडे बघत म्हणाला, “मला माहीत नव्हतं, बाई. खरंच सांगतो. खडूला हे चालत नाही, हे मला कुणी सांगितलंच नाही.”

“मला माहीत होतं,” थोरला म्हणाला.

हे तो अभिमानाने म्हणाला. चौतीस वर्षं असंच म्हणत आला होता; समोरच्याला काही कळत नाही आणि आपल्याला कळतं, हे सांगताना त्याची छाती आपोआप पुढे यायची. तशीच आली. “त्याच सकाळी माहीत होतं. मी खिडकीतून बघत होतो. कोरड्या फडक्याने घासताना बघितलं तेव्हाच बायकोला म्हणालो, दोन महिन्यांत चेहरा पत्र्यावर जाईल. साडेसात आठवडे लागले. आणि तुमच्या पायासाठी तुकडे न पडणारी जोडकाचही मिळते. तीही माहीत होती.”

बोलणं संपलं तेव्हा छाती मागे घ्यायला उशीर झाला होता.

“तुम्ही बघत होतात,” नर्सबाई म्हणाल्या.

“हो, पण तुम्ही...”

“आमच्या वॉर्डात एक मोठे डॉक्टर होते. रोग बघताच ओळखायचे. पण पेशंटच्या घरच्यांनी आधी दुसरीकडे दाखवलं असेल तर रुसायचे. औषध लिहायचे नाहीत. पेशंट गेला की म्हणायचे, मला माहीतच होतं. सगळा स्टाफ घाबरून असायचा त्यांना. मान कुणीच द्यायचं नाही. मी तर त्यांच्या चहातसुद्धा साखर घालायचे नाही.”

थोरल्याच्या तोंडावर आजवर कुणी असं बोललं नव्हतं. त्याच्याकडे उत्तरांचा साठा असायचा. बूट, अंगठा, वडे, पार्सल. त्यातलं एकही हाताला लागेना.

“बाई, मी करतो ना आता,” तो म्हणाला. “घेऊन जातो माझ्या टेबलावर. माझ्यासारखं काम गावात कुणी...”

“तुम्ही नाही.”

“म्हणजे?”

“काम हा करेल,” त्यांनी धाकट्याकडे बोट केलं. “याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि चुकला. चुकला तेव्हा चुकलो म्हणाला. तुम्ही चुकला नाहीत, म्हणून तुमच्याकडे नाही ठेवणार. तुम्ही इथे उभं राहायचं आणि सांगायचं. हात मागे. याने विचारलं की का ते सांगायचं. मी बसणार आहे समोर.”

“माझे हात...”

“मागे.”

जोडकाच यायला नऊ दिवस लागले. तोवर चित्र धाकट्याच्या कपाटात, चेहरा वर, सपाट. दहाव्या दिवशी सकाळी थोरला आपल्या दुकानाला कुलूप लावून सरळ रस्ता ओलांडून आला. बायको दुकानाबाहेरच्या कठड्याशी उभी राहून बघत होती. तिने हातातली पिशवी आज रिकामी असल्याचं दाखवल्यासारखी हलवली.

नर्सबाई खुर्चीवर आधीच बसल्या होत्या. थोरला टेबलाच्या या बाजूला, हात पाठीमागे, एका हाताने दुसऱ्याचं मनगट पकडलेलं. ज्याने चौतीस वर्षं हातांनीच बोलणं केलं त्याला नुसत्या तोंडाने काम करायचं म्हणजे काय, ते त्याच्या मानेवरच्या शिरा सांगत होत्या. धाकट्याने माउंट कापायला घेतला. कटर जरा उभा धरला गेला, आणि थोरल्याचे खांदे पुढे झेपावले.

“मागे,” नर्सबाई म्हणाल्या.

“तिरका धर. तिरका! पाव इंच आधी सुरू कर... हं.”

माउंट झाला. धाकट्याने तो चित्रावर ठेवायला घेतला.

“थांब. सरळ चित्रावर नाही. माउंटच्या मागून पुठ्ठ्याच्या बारीक पट्ट्या चिकटव. मधल्या कापलेल्या खिडकीच्या कडेपासून बोटभर मागे. म्हणजे माउंट चित्रापासून उचललेला राहील.”

धाकट्याने पट्ट्या कापल्या. मग हात थांबवला आणि वर बघितलं. वीस वर्षांपूर्वी जो प्रश्न तो सारखा विचारायचा तोच होता, पण या वेळी तो भावाकडे बघून नाही, खुर्चीतल्या बाईंकडे बघून म्हणाला.

“बोटभर मागे का?”

“तुझ्या टाळक्यात भुसा आहे म्हणून!” थोरल्याच्या तोंडून निघून गेलं. “पन्नाशी आली तरी एवढं दिसत नाही? खडू सुटला, की खाली पडणार. माउंटच्या पांढऱ्या कडेवर पडला तर डाग दिसेल. पट्ट्या मागे असल्या की खाली एक लपलेली फट राहते. भुकटी त्या फटीतून मागे जाते. कुणाला दिसत नाही, चित्र स्वच्छ राहतं. मूर्खालाही कळेल!”

“परत सांगा,” नर्सबाई म्हणाल्या. “शिव्या वगळून.”

थोरला त्यांच्याकडे बघत राहिला. मग भावाकडे. धाकट्याने पट्टी खाली ठेवली होती आणि वाट बघत होता. हसत नव्हता. त्याला खरंच ऐकायचं होतं.

थोरल्याने मनगट अजून घट्ट धरलं.

“खडू सुटतो,” तो म्हणाला. “तो खाली पडतो. त्याला पडायला जागा द्यायची. दिसणार नाही अशी.”

“किती जागा?” धाकट्याने विचारलं.

हा प्रश्न थोरल्याला त्याच्या शिकवणाऱ्या म्हाताऱ्याने कधी विचारू दिला नव्हता. त्याने उत्तर हातात शोधलं, आणि हात मागे होते.

“पातळ थराच्या चित्राला सुतळीएवढी,” तो सावकाश म्हणाला. “असल्या जाड थराच्या चित्राला दुप्पट. जास्त ठेवलीस तरी चालेल. कमी ठेवू नको.”

धाकट्याने दुप्पट जाडीची पट्टी घेतली आणि चिकटवायला सुरुवात केली.